समावेशित शिक्षण (सोलापूर जिल्हा)

समावेशित शिक्षण : दिव्यांग मुलांना, तसेच वाचन-लेखन-गणितात अडखळणाऱ्या मुलांना नेहमीच्या शाळेत, बरोबरीच्या मुलांसोबत शिकता यावे म्हणून पुरवल्या जाणाऱ्या साहाय्य सेवांची व्यवस्था. सोलापूर जिल्ह्यात ती समग्र शिक्षा योजनेखाली चालते. जिल्ह्यात ११ तालुके असून शाळांमध्ये मराठीसोबत कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे मुलाची नेमकी अडचण ओळखणे हे इथल्या कामातील सर्वांत नाजूक अंग आहे.

कायद्याचा आधार : केंद्र सरकारने १९७४ मध्ये अपंग एकात्म शिक्षण योजना सुरू केली. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना त्यात जागा मिळाली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यांपैकी पसंतीच्या ठिकाणी मोफत शिकण्याचा हक्क याच कायद्याने दिला. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान व राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून समग्र शिक्षा योजना आली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

सेवा : तालुक्याचे गट साधन केंद्र हा या व्यवस्थेचा कणा. तिथले विशेष शिक्षक व तज्ज्ञ शाळांना भेटी देतात, वर्गशिक्षकाच्या मदतीने मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करतात आणि पालकांना घरी करून घ्यायच्या गोष्टी दाखवतात. अंध मुलांना ब्रेल पुस्तके, अल्पदृष्टी असलेल्यांना मोठ्या अक्षरांतील पुस्तके, कर्णबधिरांना श्रवणयंत्रे, चालण्यात अडचण असलेल्यांना कॅलिपर किंवा चाकाची खुर्ची मिळते. प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता व मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता यांची तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र बहुविकलांग मुलांसाठी विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर मिळते आणि त्यावर वैश्विक ओळखपत्र काढता येते. दहावी-बारावीच्या परीक्षांत पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलती मिळतात. सवलतीसाठीचे कागद परीक्षेच्या तोंडावर गोळा करण्याऐवजी नववीतच जमवणे हिताचे ठरते.

भाषा आणि अडचण यांतील भेद : सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग व विडी उद्योगातील तेलुगूभाषक कुटुंबे आहेत; अक्कलकोट व दक्षिण सोलापुरात कन्नड ही अनेक घरांची भाषा आहे. अशा घरातील मूल ‘मोठा खुर्ची’ किंवा ‘माझी घर’ म्हणते. तेलुगू व कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते, म्हणून ही चूक होते. ती अक्षमता नव्हे. याउलट, वाचताना घ-ध, भ-म यांची सतत अदलाबदल, ओळ चुकणे, ‘कमळ’मधील ‘क’ काढल्यावर काय उरते हे ऐकून सांगता न येणे या खुणा दीर्घकाळ टिकल्या, आणि घरच्या भाषेतील शब्द घेऊनही तीच अडचण दिसली, तर तपासणी करणे आवश्यक ठरते. म्हणून मुलाची चाचणी शक्यतो त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ चाचण्या मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहेत. अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण तिसरीच्या सुमारास, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापासून विश्वासार्ह मानले जाते. पण मदत मात्र पहिलीपासून सुरू करायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते.

घरच्या भाषेचा उपयोग जिल्ह्यात प्रत्यक्ष दिसला आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणून त्यांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे काम दिव्यांगांपुरते नव्हते. पण मागे पडणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत धडा ऐकवणे हे तत्त्व समावेशित शिक्षणालाही लागू पडते.

मनुष्यबळ : कित्येक वर्षे हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांच्या भरवशावर चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नियमित विशेष शिक्षक नेमण्याचे आदेश दिले; त्यानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढील स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये राज्यातील प्रत्येक केंद्रासाठी (शाळांच्या समूहासाठी) एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षक पदांना मान्यता दिली.

मूल्यमापन : एका केंद्राखाली अनेक शाळा येतात, तेव्हा एकटा विशेष शिक्षक रोज प्रत्येक मुलापर्यंत पोहोचू शकत नाही. रोजचा भार वर्गशिक्षकावरच असतो. साहित्य आणि भत्ते वेळेवर मिळणे आवश्यक आहे. पण वर्गशिक्षकाला लिंगाची चूक आणि वाचनाची अक्षमता यांतील फरक कळणे त्याहून महत्त्वाचे आहे. असे प्रशिक्षण प्रत्येक शाळेतील प्रत्येक शिक्षकाला मिळायला हवे. पालकांनीही मूल ‘हळू’ आहे म्हणून वर्षे जाऊ देऊ नयेत. शंका येताच मुख्याध्यापकांमार्फत गट साधन केंद्राकडे लेखी नोंद करावी. ही सेवा मोफत असून तो मुलाचा कायदेशीर हक्क आहे.