खिडकी नेमकी कशाच्या जोरावर टिकते?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटची गोष्ट तुमच्या-माझ्या रोजच्या प्रवासाची आहे.

आमचं गाव असोदा. बहिणाबाईंचं माहेर आणि भरताच्या वांग्यांचं गाव म्हणून लोक ओळखतात. लहानपणी असोद्याहून जळगावला एसटीनं जायचो तेव्हा खिडकीची काच इतकी खडखडायची की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "काय भो, कागद खुपस ना तिथे!" वर्तमानपत्राची घडी घालून काच आणि चौकटीच्या फटीत सारली की गावापासून स्टँडपर्यंत शांतता. खिडकी पक्की करायची माझ्या माहितीतली ही पहिली पद्धत.

तेव्हा वाटायचं, खिडकी म्हणजे काय, एक काच आणि चार स्क्रू. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की या चार स्क्रूंचा इतिहास माणसांच्या जिवावर लिहिला गेलाय.

आधी थोडं गणित. जेट विमान ३५,००० फुटांवर उडतं तेव्हा बाहेरची हवा फार विरळ असते. आपल्याला श्वास घेता यावा म्हणून आत हवा दाबून भरलेली असते. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस इंचाला साधारण ८ पौंड. खिडकी १० इंच बाय १४ इंच धरली तर एका खिडकीवर आतून बाहेर रेटणारा जोर होतो जवळपास ५०० किलो. आपल्या भाषेत पाच क्विंटल कापूस. तो प्रत्येक खिडकीवर, तासन् तास, प्रत्येक उड्डाणात. विमान उतरलं की जोर जातो, चढलं की पुन्हा येतो. धातूला खरा त्रास या येण्या-जाण्याचा होतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच.

हे जगाला कळलं ते कॉमेटमुळे.

२ मे १९५२ ला ब्रिटनच्या 'डी हॅविलँड कॉमेट' विमानानं लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातली पहिली प्रवासी जेट सेवा सुरू केली. बरोबर एक वर्षानं, २ मे १९५३ ला, लंडनकडे निघालेलं एक कॉमेट कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून उडालं आणि काही मिनिटांत वादळी हवेत त्याचे आकाशातच तुकडे झाले. ४३ माणसं गेली. आपल्याकडे चौकशी झाली आणि ठपका मुख्यतः वादळावर आला. वादळ होतंच, त्यामुळे कुणाला ते खोटंही वाटलं नाही.

पण १० जानेवारी १९५४ ला इटलीच्या एल्बा बेटाजवळ दुसरं कॉमेट समुद्रात पडलं. ३५ मृत्यू. ८ एप्रिलला नेपल्सजवळ तिसरं. २१ मृत्यू. आता वादळाचं कारण पुरेना.

मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक मोठा प्रयोग झाला. अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, आतही पाणी भरलं, आणि पंपानं आतला दाब वाढवायचा-कमी करायचा असा क्रम लावला. एक फेरी म्हणजे एक उड्डाण. पाणीच का? हवा भरून दाब दिला असता तर फुटताना बॉम्बसारखं फुटलं असतं आणि पुरावाच उरला नसता. त्या विमानानं आधी १,२२१ उड्डाणं केली होती. टाकीतल्या फेऱ्या धरून एकूण ३,०५७ झाल्या आणि विमानाची कातडी फाटली. सुरुवात एका चौकटीच्या कोपऱ्यापासून. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या अवशेषांतही तडा सापडला तो छतावरच्या एका छोट्या खिडकीच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या भोकापाशी.

कोपऱ्यात ताण साचतो. घराच्या भिंतीला तडा जातो तोही खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जातो, बघा कधी. त्यानंतर विमानाच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलावले, चौकटीभोवती पत्रा जाड केला, आणि नवं विमान उडण्याआधी हजारो वेळा दाबून-सोडून बघायची रीत पक्की झाली. आपण आज बिनधास्त खिडकीला डोकं टेकून झोपतो ते या माणसांच्या जिवावर.

म्हणजे डिझाइन सुधारलं, प्रश्न संपला? नाही. डिझाइन कागदावर असतं. बसवणारा हात माणसाचा असतो.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. आत ८७ माणसं. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच निखळून बाहेर उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. निजेल ऑग्डन या कर्मचाऱ्यानं त्यांचे पाय धरून ठेवले, इतरांनी साथ दिली, आणि सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळ्यांना वाटलं होतं कॅप्टन गेले. ते वाचले. पुढे पुन्हा विमानही चालवलं.

चौकशीत काय निघालं? उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी, रात्रपाळीत ती काच बदलली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ जाडीला कमी होते. किती कमी? एका मिलिमीटरपेक्षाही कमी. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण आखूड. बदलणारा माणूस आळशी नव्हता, अनुभवी होता. जुना बोल्ट हातात धरून त्यासारखा दिसणारा नवा शोधला, पुस्तक न बघता नजरेनं. "डोळ्यांना कळतं की" हे आपण गॅरेजमध्ये किती वेळा ऐकतो!

यात आणखी एक धडा होता. ती काच बाहेरून बसवलेली होती, म्हणजे आतला सगळा दाब बोल्टवर. काच आतून बसवली तर दाब तिला चौकटीवरच दाबून धरतो, जेवढा जोर जास्त तेवढी ती घट्ट. बाटलीचं बूच आतून लावल्यासारखं. विमानाचे अनेक दरवाजेही याच तत्त्वावर असतात. म्हणून आकाशात कुणी वेडेपणा करून ते उघडायला गेला तरी उघडत नाहीत, आणि जमिनीवर उघडतात.

आता आपल्याकडे या. ५ जुलै २०२२ ला स्पाइसजेटच्या कांडला-मुंबई विमानाच्या समोरच्या काचेच्या बाहेरच्या थराला २३,००० फुटांवर तडा गेला. आतले थर शाबूत राहिले, दाब टिकला, विमान मुंबईत सुखरूप उतरलं. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या गोवा-पुणे विमानात खिडकीची आतली चौकट हवेतच सुटून लोंबायला लागली. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. कंपनीनं सांगितलं की तो भाग फक्त सावलीसाठी आणि दिसण्यासाठी असतो, दाब सहन करणारी काच वेगळी. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण जो प्रवासी त्या खिडकीपाशी बसला होता त्याला हे कुणी सांगितलं होतं? आणि जे दिसतं तेच नीट बसवलेलं नसेल, तर जे दिसत नाही त्यावर माणसानं विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

इथे नाण्याची दुसरी बाजू येते, आणि मला खरं तीच सांगायची आहे. खिडकी पक्की हवी, पण वेळ आली की ती सुटलीही पाहिजे.

आपल्या जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईत बसून उडाल्या, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. त्या विमानाचं काचेचं छत आवाजापेक्षा जास्त वेगातही जागचं हलत नाही. पण वैमानिकाला बाहेर पडायची वेळ आली की तेच छत आधी उडून जातं आणि मग आसन बाहेर फेकलं जातं. घट्ट बसणं आणि क्षणात सुटणं, दोन्ही गोष्टी एकाच जोडणीत.

आणि आपल्या बस?

८ ऑक्टोबर २०२२, नाशिक. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस पहाटे ट्रकला धडकून पेटली. १२ जण गेले. १ जुलै २०२३, समृद्धी महामार्ग, सिंदखेडराजाजवळ. नागपूर-पुणे बस उलटली, पेटली. २५ जण गेले. बस दरवाजाच्या बाजूवरच आडवी झाली होती, दरवाजा बंद. जे वाचले त्यांतले काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले.

जुन्या एसटीची काच सरकायची. खडखडायची, पाऊस आत यायचा, पण हातानं उघडायची. आताच्या एसी बसची काच गोंदानं चिकटवलेली असते. वारा नाही, आवाज नाही, धूळ नाही. चांगलंच आहे. पण तिचा एकच दरवाजा म्हणजे तो छोटा टोकदार हातोडा. बाजूची काच कडक केलेली असते. मधोमध बुक्क्या मारून ती फुटत नाही. कोपऱ्याजवळ टोकानं जोरात ठोकली की चुरा होऊन पडते. हातोडाच नसेल तर ती खिडकी म्हणजे भिंत.

मागच्या दिवाळीत जळगावहून पुण्याला एका ट्रॅव्हल्सनं गेलो. माझ्या बर्थपाशी हातोड्याची खोबण होती, हातोडा नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, "लोक घेऊन जातात हो काका." मागच्या संकटकालीन खिडकीपुढे पार्सलची खोकी रचलेली. रात्रभर मला झोप लागली नाही, आणि ती लागली नाही याचंच बरं वाटलं.

कॉमेटच्या वेळी धातू थकतो हे कुणाला पुरेसं माहीत नव्हतं. १९९० मध्ये पुस्तक होतं, उघडलं नाही. आपल्याकडे तर नियमही आहे, खोबणही आहे, फक्त हातोडा नाही. अज्ञान समजू शकतो मी. हे अज्ञान नाही.

म्हणून दोनच मागण्या. परिवहन खात्यानं पासिंगच्या दिवशी बघितलेला हातोडा रस्त्यावरही बघावा, रात्री, भरलेल्या गाडीत. आणि आपण बसमध्ये चढलो की चार्जिंगचा पॉइंट शोधण्याआधी हातोडा शोधावा. नसेल तर निघण्याआधी मागावा, सगळ्यांदेखत. एकट्यानं मागितला तर हसतील. दहा जणांनी मागितला तर आणून लावतील.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तरी पुढच्या प्रवासात खिडकीकडे एकदा बघा.