वर्तुळाचे अंश आणि पंचांगाचे दिवस

वर्तुळाचे ३६० अंश असतात, असे भूमितीच्या आरंभीच विद्यार्थ्याला सांगण्यात येते आणि तो ते विनातक्रार मान्य करतो. हे अंश शंभर का नसावेत, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच तर '३६० ला पुष्कळ संख्यांनी निःशेष भाग जातो' हे उत्तर मिळते. ते खोटे नाही. दोनपासून दहापर्यंतच्या संख्यांपैकी सात सोडून बाकी सर्वांनी ३६० ला भाग जातो. परंतु सोयीवरून एखादी संख्या टिकून का राहिली एवढेच कळते; ती प्रथम सुचली कशी, हे कळत नाही. त्यासाठी भूमिती क्षणभर बाजूला ठेवून पंचांगाकडे वळावे लागते. कारण अंश हे आरंभी कोनाचे नव्हे, तर काळाचे माप होते.

सूर्याची नक्षत्रचक्रातील एक प्रदक्षिणा सुमारे ३६५। दिवसांची, तर चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांचे. या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर ३६० ही संख्या येते. तीस दिवसांचा महिना आणि बारा महिन्यांचे वर्ष ही व्यवहाराची कल्पना त्यामुळे अनेक प्राचीन समाजांनी स्वीकारली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातील १६४ व्या सूक्तात वर्षरूपी चक्राचे वर्णन आहे, तेथेही बारा आणि ३६० याच संख्या येतात. बाबिलोनियात हिशेबाचे वर्ष ३६० दिवसांचे धरीत आणि गणना साठाच्या पटीत चाले. तेथे अहोरात्राचेही ३६० भाग करीत. असा एक भाग आजच्या चार मिनिटांचा होतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास तेथील ज्योतिष्यांनी सूर्यमार्गाचे बारा समान भाग करून प्रत्येकाचे तीस उपभाग पाडले. तेच आपले राशी व अंश.

कालगणनेवरूनच वर्तुळाचे भाग पडतात याला दुसरीकडेही पुरावा आहे. चिनी ज्योतिषात वर्तुळाचे भाग ३६५। मानीत, सूर्य एका दिवसात जेवढा सरकतो तेवढा त्यांचा एक भाग. सतराव्या शतकात युरोपीय ज्योतिषाचा प्रवेश झाल्यावर तेथे ३६० रूढ झाले. आपल्या वेदांगज्योतिषात तर अंश नाहीतच. तेथे २७ नक्षत्रे असून प्रत्येकाचे १२४ भाग केले आहेत. आणि पाच वर्षांच्या युगात पक्षही १२४ च येतात. प्रत्येक ठिकाणी आधी पंचांग आणि मग वर्तुळ, असाच क्रम दिसतो.

राशी व अंश ही पद्धती बाबिलोनियातून ग्रीकांकडे आणि तेथून आपल्याकडे आली, असे बहुतेक संशोधक मानतात. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पाहुणा ज्या घरात आला तेथे ३६० दिवसांचे वर्ष पूर्वीपासून नांदत होते, म्हणून तो परका वाटला नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात वर्ष, मास, दिवस, नाडी असे काळाचे विभाग सांगून वर्तुळाचे विभागही तसेच समजावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. वर्षाचे महिने बारा, चक्राच्या राशी बारा. महिन्याचे दिवस तीस, राशीचे अंश तीस. दिवसाच्या नाड्या साठ, अंशाच्या कला साठ.

परंतु खरे वर्ष ३६० दिवसांचे नाही, ही अडचण उरतेच. आपल्या ज्योतिष्यांनी ती सोडविण्यासाठी वर्ष मोडले नाही. दिवसाची व्याख्या बदलली. सूर्य एक अंश चालावयास जो काळ लागतो तो सौरदिन. तो सरासरी २४ तास २१ मिनिटांचा. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश जावयास जो काळ लागतो ती तिथी. ती सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. सौरवर्षात सौरदिन बरोबर ३६० आणि बारा चांद्रमासांत तिथीही बरोबर ३६०! मात्र एका सौरवर्षात तिथी सुमारे ३७१ मावतात. हा अकरा तिथींचा फरक साचत जाऊन सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिकमास धरावा लागतो. वर्तुळातून काढून टाकलेली बाकी अशी पंचांगात परत येते.

अंश आणि दिवस यांचे हे नाते महाराष्ट्रात वादाचाही विषय झाले. अंश मोजावयास आरंभ कोठून करावयाचा, हा तो वाद. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर आधारलेल्या पटवर्धनी पंचांगाने आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या पक्षाने रेवतीची तारका प्रमाण मानली. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रेचा पक्ष मांडला. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत इतरांच्या सुमारे चार दिवस आधी येते, आणि कधी कधी अधिकमासही वेगळा पडतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात या साऱ्या मतांचा इतिहास नोंदविला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताशी जोडलेले आहे. तरी घरोघरचे सण जुन्या गणनेनेच चालतात.

एका अंशाचा परिणाम स्थानावरही होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट पुण्याच्या पूर्वेस सुमारे ६ अंश २० कला आहे. एक अंश म्हणजे चार मिनिटे, अर्थात दहा पळे. त्यामुळे बालाघाटचा मध्यान्ह पुण्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे, म्हणजे एक घटिकाभर आधी होतो. सूर्योदयाच्या वेळची तिथी दिवसाची मानण्याचा परिपाठ असल्याने, बालाघाटच्या सूर्योदयाला चालू असलेली तिथी पुण्याच्या सूर्योदयापूर्वी संपलेली असू शकते. पुण्यासाठी केलेले पंचांग येथे वापरताना देशांतराचा संस्कार करावा लागतो तो यासाठीच.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात वर्तुळाचे ४०० भाग करण्याचा प्रयत्न झाला. भूमापनापुरता त्याचा काहीसा उपयोग झाला, परंतु अंशाची जागा त्याला घेता आली नाही. त्याच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये स्वीकारलेल्या दिनदर्शिकेत मात्र तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच-सहा वरकड दिवस होते. म्हणजे वर्तुळातून घालविलेले ३६० दिनदर्शिकेत त्यांनाही ठेवावे लागले.

शिक्षकांना या इतिहासाचा एक सरळ उपयोग आहे. अमावास्येच्या अखेरीस सूर्यचंद्रांतील अंतर शून्य, पौर्णिमेच्या अखेरीस १८० अंश, आणि शुद्ध अष्टमीच्या मध्यावर बरोबर ९० अंश असते. त्या दिवशी सूर्य मावळताना अर्धा चंद्र साधारणतः माध्यान्हवृत्तावर आलेला असतो. काटकोन कोनमापकावर दाखविण्यापूर्वी मुलांना अष्टमीच्या संध्याकाळी अंगणात उभे करून एक हात सूर्याकडे आणि दुसरा चंद्राकडे धरावयास सांगावे.