चवदार तळ्याची सिंफनी

आपल्या नव्या कलावंताच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. बाहेरच्यांची दया आणि घरच्यांच्या टाळ्या. दोन्ही देणारे कलाकृती नीट ऐकत नाहीत. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात, जिथे १९७२ साली दलित पँथर उभारणाऱ्यांची ऊठबस होती, तिथे असे नव्हते. तिथे मित्राची कविता मित्रच फाडून काढी आणि नंतर एकाच कपातला चहा दोघे पीत. ती रीत आज विरळ झाली आहे.

हे आठवण्याचे कारण माझा एक माजी विद्यार्थी. वडाळ्यात राहतो, दिवसा गोदामात हिशेब लिहितो, रात्री संगणकावर स्वर जुळवतो. त्याने महाडच्या सत्याग्रहावर चौदा मिनिटांची वाद्यवृंदरचना केली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ती वाजली, टाळ्या झाल्या, हार पडला. मग तो माझ्याकडे आला. "सर, खरं सांगा."

मला स्वरलेखन वाचता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. व्हायोलिन मी प्रथम पाहिले ते चित्रपटाच्या पडद्यावर. पण मुंबईतल्या वाद्यवृंदाचा इतिहास थोडा ठाऊक आहे, आणि तो त्या मुलाला उपयोगी पडेल असे वाटले. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे पुष्कळ जण गोव्याचे ख्रिस्ती होते. चर्चच्या शाळेत ते लहानपणीच स्वरलेखन शिकलेले. संगीतकार चाल गुणगुणे. सेबॅस्टियन डिसूझांसारखे लोक ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर मांडून देत, आणि नाव लागले तर 'सहायक' म्हणून. याच लोकांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक बसवले आणि रागांवर रचलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या चित्रपटात गुरूचे नाव गाण्यात आणले. नाव घरोघर पाठ झाले, रचना मात्र कोणाच्या कानावर नाही! नुसत्या कौतुकाने रचना जगत नाही, एवढे तरी यातून दिसते.

आता त्याच्या चौदा मिनिटांविषयी. सुरुवातीची पाच मिनिटे चांगली आहेत. खालच्या सुरातल्या तंतुवाद्यांवर एकेक पाऊल पडते, माणसे वाढत जातात, घाई कुठेच नाही. ओंजळ पाण्यात जाते त्या ठिकाणी सगळा वाद्यवृंद क्षणभर थांबतो. तिथे माझ्या अंगावर काटा आला, आणि हे मी त्याला आधी सांगितले.

पण त्यानंतर नऊ मिनिटे नुसता जयघोष आहे. पितळी वाद्ये, झांजा, वरून हलगी. मी त्याला म्हणालो, "तुझा इतिहास २० मार्च १९२७ च्या दुपारीच संपला. त्याच दिवशी पुढे काय झाले?" वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. उलट हात उचलू नका असे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावले. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. १९२४ साली तळे खुले करणाऱ्या नगरपालिकेने आपला ठराव त्याच वर्षी, १९२७ मध्ये, मागे घेतला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तर कोर्टाचा मनाई हुकूम आला. मिरवणूक पाण्याला न शिवता तळ्याला फेरी घालून परतली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षे!

"ही दहा वर्षे तुझ्या रचनेत कुठे आहेत?" तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "लोकांना शेवटी जोर लागतो, सर." लागतो, पण जोर आणि आवाज यांत फरक आहे. पाण्याच्या काठाने हजारो माणसे चालतात आणि पाण्याला हात लावत नाहीत, यात किती जोर आहे! तो झांजांनी येत नाही.

हलगीविषयीही बोललो. हलगी आपली, असे आपण आज अभिमानाने म्हणतो. गावगाड्यात ती मांगांच्या गळ्यात बांधलेली गावकी होती. पाटलाच्या दारी वाजवायची, भाकर तुकडा घ्यायचा. अशा लादलेल्या कामांतून सुटण्याची भाषा महाडनेच शिकवली. म्हणून हलगी वापरूच नये असे नाही. जलशांनी आपली वाद्ये तमाशातूनच घेतली आणि त्यांच्याकडून वेगळे काम करून घेतले. याच्या रचनेत हलगी लग्नाच्या वरातीत वाजते तशीच वाजते. ती कोणाच्या हातात आहे, कोणासाठी वाजते, हे ऐकू आले पाहिजे.

हे सगळे ऐकून त्याचा चेहरा उतरला. वहीत मात्र तो लिहीत होता. मी त्याला आणखी एक सांगितले. सनावळी मी तपासू शकतो, पण सनईच्या खाली तंतुवाद्ये दबतात की नाही हे वादकच सांगेल. वाद्यवृंदात बसणारा माणूस गाठ, कागद त्याच्यापुढे ठेव, आणि आधी टाळ्यांची गोष्ट काढू नकोस.

तीन आठवड्यांनी त्याने नवा मसुदा ऐकवला. पहिली पाच मिनिटे तशीच आहेत. जयघोष चार मिनिटांवर आला आहे, अजून लांबच आहे. मध्ये एक नवी जागा आहे. तिथे पहिल्या भागातली पावले परत येतात, ओंजळीची जागा जवळ येते, आणि ओंजळ पाण्यात न जाताच पावले पुढे निघून जातात.