पावसाळी अनध्याय

आषाढ लागला की खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या घराघरांतून सकाळी एकच प्रश्न विचारला जातो : आज शाळेला सुट्टी आहे काय? मुलगा अर्धा तयार होऊन उंबरठ्याशी उभा असतो, आई डबा भरावा की न भरावा ह्या विवंचनेत असते आणि बेळगावहून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला किंवा नाही ह्याची सर्वांना प्रतीक्षा असते. प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. तथापि ‘आज अध्ययन बंद’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आपल्याकडे फार जुना असून त्याचा इतिहास पाहिल्यावाचून आजच्या अडचणीचे मूळ ध्यानात येत नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या धर्मशास्त्राने ह्या विषयाला ‘अनध्याय’ असे नाव दिले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात त्याचा सविस्तर विचार आढळतो. याज्ञवल्क्यांनी तर सदतीस तात्कालिक अनध्याय मोजून दिले आहेत. त्यांत वीज आणि गडगडाट आहे, धुळीची वृष्टी आहे, धुके आहे. मनुष्य नावेत बसलेला असताना अध्ययन करू नये असे आहे. आणि कोणी शिष्ट पुरुष घरी आला असता पाठ थांबवावा असेही आहे. (साहेब तपासणीस आले म्हणजे वर्ग सोडून देण्याची आमच्या लहानपणची प्रथा ह्यातूनच निघाली काय, हे पंडितांनी ठरवावे.) ह्या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या कर्नाटकातच लिहिली. ज्या मिताक्षरेचा आधार घेऊन आम्ही वकील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काचे दावे लढवीत आलो, तिनेच पावसाच्या सुट्टीचाही विचार केलेला आहे, ही गोष्ट आमच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

शास्त्रकारांची खरी बारकाई मात्र यादीत नसून कालमर्यादेत आहे. कारण असेल तेवढ्यापुरता जो पाठ थांबवावयाचा तो ‘तात्कालिक’ अनध्याय. कारण घडल्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत चालतो तो ‘आकालिक’. संधिकाळी गर्जना झाली असता प्रकाश असेतो पाळावयाचा तो ‘सज्योति’. आजच्या भाषेत सांगावयाचे तर शाळा तासभर उशिरा भरविणे, सकाळची पाळी सोडून देणे आणि पूर्ण दिवस बंद ठेवणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांची कारणेही निरनिराळी असली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय ऋतूतला पाऊस व अवेळीचा पाऊस ह्यांत त्यांनी भेद केला. पावसाळ्याबाहेर नुसते मेघ दिसले तरी मनू अनध्याय सांगतो. ऋतूतल्या पावसाला मात्र तो विजेच्या व गर्जनेच्या अटी घालतो. चार महिने पावसात काढणाऱ्या समाजाला प्रत्येक सरीला पाठ बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. आणखी एक अपवाद मनूनेच दुसऱ्या अध्यायात करून ठेविला आहे : नित्याच्या स्वाध्यायाला आणि वेदांगांच्या अभ्यासाला अनध्याय नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळी वेदाध्ययनाचे सत्र सुरू होई तेच मुळी श्रावणीच्या उपाकर्माने, म्हणजे भर पावसाळ्यात. आणि ते सुमारे साडेचार महिने चाले. हे शक्य झाले, कारण शिष्य गुरूच्या घरीच राही. गुरू आणि शिष्य ह्यांच्या मध्ये ओढा नव्हता. पाऊस कितीही कोसळला तरी विद्यार्थ्याला शाळेपर्यंत जावयाचे नव्हते, कारण तो शाळेतच होता. त्यांचा अनध्याय मंत्राच्या पावित्र्यासाठी होता. मुलाच्या जिवासाठी सुट्टी देण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

पंतोजींच्या शाळेचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. 1820 ते 1830 च्या सुमारास मुंबई सरकारने देशी शाळांची जी माहिती गोळा केली, तिच्यावरून ह्या शाळा देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत भरत असे दिसते. रा. वि. परुळेकर ह्यांनी ती माहिती 1945 मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिली. शाळा गावातली, मुले गावातली आणि पंतोजी गावाच्या शिध्यावर जगणारे. पावसाने अडविले तर कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नसे. पंतोजी आकाशाकडे पाहून काय ते ठरवीत.

ओढा मध्ये आला तो सरकारी शाळेबरोबर. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्याचा सुमारे तिसरा हिस्सा शाळांकडे आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांकडे जाऊ लागला. शाळा आणि रस्ता ही एकाच आण्याची दोन अपत्ये होत. परंतु शाळा पाच-सहा वाड्यांमिळून एका गावी निघाली आणि रस्ता मात्र बऱ्याच वाड्यांपर्यंत पोहोचलाच नाही. मुलाला वाडीवरून शाळेच्या गावी चालत जावे लागले, मध्ये साकव आला, आणि पावसाची सुट्टी ही खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मास आली. ज्या साकवाला गोव्याकडचे आमचे वाचकही साकवच म्हणतात, तो खानापूरच्या पश्चिमेकडील रानात अजून कित्येक ठिकाणी शाळेचा एकमेव मार्ग आहे. भीमगडच्या अभयारण्यात वसलेली आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली ही गावे पावसाळ्यात जगापासून तुटतात. तेथून आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावर वाहून बाहेर काढावे लागते. जेथे रोग्याची ही अवस्था, तेथे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हजेरीपटाची काय कथा!

निपाणीकडची अडचण निराळ्या जातीची आहे. तेथे रान नाही, नद्या आहेत. आणि त्या नद्यांना पाणी येते ते दुसऱ्या राज्यातून. वेदगंगा आणि दूधगंगा ह्या दोन्ही कोल्हापूरच्या सह्याद्रीत उगम पावतात, एकमेकींना मिळतात आणि पुढे कृष्णेत जातात. पाटगाव किंवा काळम्मावाडीच्या वर ढग फुटला की निपाणीत लख्ख ऊन असतानाही दुसऱ्या दिवशी बंधारे पाण्याखाली जातात. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड ही नावे दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून वाचकांनी वाचलीच असतील. हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यानंतर बर्गे बसवून त्यांत पाणी अडवावयाचे आणि माथ्यावरून रहदारी करावयाची, अशी ही काटकसरीची योजना. बंधारा आहे तोवर पलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर. तो बुडाला की तीच शाळा कित्येक मैलांच्या वळशावर जाते. मलिकवाड कर्नाटकात आणि दत्तवाड महाराष्ट्रात असल्यामुळे तेथे तर एकाच पाण्याने दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारक्षेत्रांत वाट अडते.

1956 च्या 1 नोव्हेंबरपूर्वी हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात होता आणि 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालील जिल्हा स्कूल बोर्ड प्राथमिक शाळांचा कारभार पाही. राज्यपुनर्रचनेनंतर बेळगावकडील प्राथमिक शिक्षण म्हैसूर राज्याच्या शिक्षणखात्याखाली गेले. पलीकडे कागल-शिरोळच्या शाळा 1962 पासून जिल्हा परिषदेकडे आल्या. सीमाप्रश्नाची मीमांसा हा येथे आमचा विषय नव्हे. इतकेच नमूद करावयाचे की तेव्हापासून दोन्ही काठांची वेळापत्रके वेगळी झाली. अलीकडची शाळा मृगाच्या आधी भरते, पलीकडची मृग लागून आठवडा लोटल्यावर. एका बाजूस दसऱ्याची मोठी सुट्टी, दुसऱ्या बाजूस दिवाळीची. नदीने मात्र आपले वेळापत्रक बदलले नाही. 26 जुलै 2005 चा प्रलय पुष्य नक्षत्रातला. ऑगस्ट 2019 चा महापूर आश्लेषातला. त्या वेळी निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर चढून पुणे-बंगळूर रहदारी थांबली आणि जिल्ह्यातील शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. 23 जुलै 2021 च्या सुमारास महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला तोही पुष्यातच. (त्या वर्षी सुट्टीचा आदेश काढण्याची गरज पडली नाही, कारण साथीमुळे वर्ग आधीच बंद होते.) आमच्या शेतकऱ्याने पुनर्वसूला ‘तरणा’ आणि पुष्याला ‘म्हातारा’ पाऊस म्हटले आहे, आमच्या नद्यांच्या बाबतीत हा म्हाताराच अधिक दांडगा निघतो.

आज सुट्टी देण्याचा अधिकार प्रायः 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली वापरला जातो. त्याच्या 25 व्या कलमान्वये जिल्हा प्राधिकरण स्थापन होते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. प्रतिबंधक उपायांच्या सर्वसाधारण अधिकारांत शाळेची सुट्टी बसविली जाते. ह्यात लाभ आहे हे आम्ही मान्य करतो. पूर्वी मुख्याध्यापकाने आपल्या जबाबदारीवर शाळा सोडली तर त्याला वरून जाब येई. न सोडली आणि अपघात झाला तर गावातून येई. आता निदान तो ह्या कात्रीतून सुटला. परंतु निर्णय कोणत्या मापाने व्हावा? हवामान खाते 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पावसाला ‘अतिमुसळधार’ म्हणते आणि त्याहून अधिक झाला तर तांबड्या इशाऱ्याची भाषा येते. हे मोजमाप सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे चालते, मनूच्या आकालिकासारखेच! परंतु साडेआठला मुलगा वाटेवर असतो. आणि मुख्य म्हणजे हे माप आकाशाचे आहे, नदीचे नव्हे. अथणी हा अल्प पावसाचा तालुका. तरी 2019 मध्ये कृष्णेने तेथील गावे बुडविली, तीही परक्या पावसाने. उलट खानापुरात मोठा पाऊस झाला म्हणून शहरातील पक्क्या रस्त्यावरच्या शाळेने दार लावावे, ह्यात मुलांचे कोणते संरक्षण होते? गोव्यात 8 जुलै 2024 रोजी तांबडा इशारा मिळताच राज्यभर बारावीपर्यंतच्या शाळांना सुट्टी दिली गेली. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. त्याला ते शोभते. एकटा बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा आहे. येथे तालुकावार आदेश निघू लागले ही सुधारणाच होय. तरी तालुका हीदेखील महसुलाची सीमा आहे, पाण्याची नव्हे.

पाण्याची सीमा कशी ओळखावी हे शिकावयाचे तर नरसोबावाडीला जावे. कृष्णा-पंचगंगेच्या त्या संगमावर पाणी पायऱ्या चढू लागले की कोणत्या पायरीला काय करावयाचे हे पुजारी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वाराने बाहेर पडले की भाविक स्नानाला जमतात. आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नित्यपूजा खंडत नाही, तिची जागा बदलते.

शाळेची जागाही बदलते, पण उलट्या रीतीने. पूर आला की शाळा मुलांना बंद होते आणि पूरग्रस्तांना उघडते. मुलाला शाळेची सुट्टी मिळते आणि संध्याकाळी तो आईबापांबरोबर, गाठोडे घेऊन, त्याच वर्गात मुक्कामाला येतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामांतून मुक्त केले, त्यांतून जनगणना आणि निवडणूक ह्यांच्याबरोबर आपत्तिनिवारणाचे काम वगळले आहे. म्हणजे शिक्षकही तेथेच. मुले आहेत, शिक्षक आहे, फळा आहे. फक्त पाठ नाही. नित्याच्या स्वाध्यायाला अनध्याय नाही ह्या वचनाचा उपयोग करावयाचा तर ह्याहून योग्य स्थळ आम्हांस दिसत नाही.

बुडालेले दिवस शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरवून काढावेत, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. कायद्याला पहिली ते पाचवीसाठी 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस हवेत, म्हणून पटावर ते भरतात. परंतु शहरातल्या शाळेचे चार दिवस आणि आमगावच्या मुलाचे बहुधा तीन-चार आठवडे एकाच शनिवारांत कसे भरून निघावेत? त्याची शाळा उघडी असते. वाट बंद असते. आणि हजेरीपटावर तो गैरहजर असतो. केंद्राच्या 2010 च्या नमुना नियमांत दुर्गम प्रदेश, दरडी व पूर ह्यांचा धोका असेल तेथे एक आणि तीन किलोमीटरची नेहमीची मर्यादा कमी करून शाळा जवळ आणावी असे स्पष्ट म्हटले आहे. पटसंख्या घटली म्हणून लहान शाळा मोठ्या शाळेत विलीन करण्याची भाषा ज्या वेळी बोलली जाते, त्या वेळी हा नियम कोणी तरी वाचून दाखविला पाहिजे.

आणि कायद्यात आणखी एक तरतूद निद्रिस्त पडून आहे. नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत शैक्षणिक वेळापत्रक ठरविणे हे एक आहे. प्रत्यक्षात मात्र राज्याचे एकच वेळापत्रक खाली येते. ऑक्टोबरात पाणी उतरते, बर्गे बसतात, बंधाऱ्यावरची वाट कोरडी होते, आणि नेमकी तेव्हाच दसऱ्याची मोठी सुट्टी लागते. पुष्य-आश्लेषात वाट बुडालेली असताना मात्र सत्र ऐन भरात असते. हिमाचल प्रदेशात पावसाळी सुट्टीची स्वतंत्र पद्धत आहे. आमच्याकडे नदीकाठच्या आणि खानापूरच्या पश्चिमेकडील शाळांना दसऱ्यातले दहा-बारा दिवस काढून जुलैअखेर का देऊ नयेत? ह्यावर परीक्षांच्या तारखा सर्वत्र सारख्या असतात असा आक्षेप येईल. पण प्राथमिक वर्गांना तो फारसा लागू पडत नाही. सुगीत मुले शेतावर राबविली जातील ही भीती अधिक खरी आहे. परंतु बांधावर काम करणारा मुलगा पुरात पाय घालणाऱ्या मुलाहून निश्चितच सुरक्षित आहे. असा ठराव करावयाचा तर तो मेमध्ये, शाळा भरण्यापूर्वी व्हावयास हवा, आणि त्याची सूचना कन्नडबरोबर मराठीतही निघावयास हवी. कारण ज्या घरात ती वाचली जावयाची आहे तेथे वाचणारी आई पुष्कळदा मराठी शाळेतच शिकलेली असते.