शनिवार तेली : रेवदंड्याचा घाणा आणि समाजाचा कारभार

रेवदंडा हे अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले जुने बंदर आहे. शेजारच्या चौलचा व्यापार त्याहूनही प्राचीन. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. सत्ता बदलत राहिल्या, तरी किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्यांच्या आधाराने चालणारे छोटे धंदे टिकून राहिले. तेलाचा घाणा हा त्यांपैकी एक महत्त्वाचा धंदा. रेवदंडा, चौल, अलिबाग, थळ, किहीम, पेण या पट्ट्यात हा धंदा करणाऱ्यांमध्ये बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मोठ्या संख्येने होते.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ गलबत फुटल्याने किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना तेथेच पुरले, असे ही कथा सांगते. नवगावची ती दफनभूमी आजही श्रद्धास्थान आहे. हे नेमके केव्हा घडले हे लेखी पुराव्याने ठरत नाही, पण अठराव्या शतकापासून या समाजाचे उल्लेख मिळू लागतात. तोवर तो भाषेने, वेषाने आणि आडनावांनी पूर्ण कोकणी झालेला होता. रोहेकर, पेणकर, किहिमकर, झिराडकर, दिवेकर, राजपूरकर, चेऊलकर ही आडनावे गावांवरूनच पडली.

घाण्याला भांडवल थोडे आणि कष्ट फार लागत. जमिनीत रोवलेली उखळ, तिच्यात फिरणारी जाड लाट, लाटेला जुंपलेला बैल आणि त्याच्या डोळ्यांवर झापड, एवढा सरंजाम एका घराला पुरे होई. वाळवलेले खोबरे किंवा तीळ उखळीत पडत. निघालेले तेल दिव्याला, फोडणीला, अंगाला आणि केसांना लागे. उरलेली पेंड गुरांना जाई. खोबरे वाडीवाल्याकडून घ्यायचे आणि तेल गावात विकायचे, म्हणजे तेल्याचा रोजचा संबंध गावातल्या बहुतेक प्रत्येक घराशी येत असे. मापात खोट निघाली तर ती दडून राहणे कठीण होते. धंदा विश्वासावरच चाले.

या तेल्यांची ओळख त्यांच्या सुट्टीच्या दिवसावरून ठरली. हिंदू तेली शिवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत, तर बेने इस्राएल शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम करत नसत. म्हणून पहिले सोमवार तेली आणि दुसरे शनिवार तेली. आठवड्यातून एक दिवस घाणा थांबवणे म्हणजे सातवा हिस्सा कमाई सोडणे, आणि ते ज्यांना परवडणे अवघड त्यांनीच ती सोडली. त्या काळी या समाजाजवळ धर्मग्रंथाची गुंडाळी नव्हती, धर्मगुरू नव्हते, हिब्रू वाचणारेही नव्हते. शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढ्यावर धर्म तगला. दर शनिवारी बंद राहणाऱ्या घाण्याने ही निष्ठा साऱ्या गावासमोर ठेवली, आणि गावानेही ती मान्य केली.

परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या लोकांना ओळखले आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले. पुढे त्यांना काझी म्हणत. लग्न, सुंता, दफन हे विधी काझी चालवीत आणि गावोगावचे तंटेही सोडवीत. त्यांच्या जोडीला मुकादम असे. प्रार्थनालये झाल्यावर हिशेब ठेवणारा गब्बाई आणि प्रार्थना चालवणारा हज्जान हेही आले. नवस, लग्नाच्या वेळच्या देणग्या, दंड आणि प्रार्थनेतल्या मानासाठी बोललेल्या रकमा यांतून निधी जमे. या समाजामागे राजा नव्हता की सावकारांची मोठी पेढीही नव्हती. तेली, सुतार, शेतकरी आणि शिपाई यांनी थोडे थोडे देऊनच सामाईक कामे उभी केली.

या कारभाराला उणीवही होती. मिश्र विवाहांतून आलेल्यांना ‘काळे इस्राएल’ ठरवून ‘गोरे इस्राएल’ त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार ठेवत नसत. भोवतालच्या जातिव्यवस्थेची ही छाया होती. ज्या कारभाराने आपल्या लोकांना सांभाळले त्यानेच त्यांतल्या काहींना दूर ठेवले, ही गोष्ट या इतिहासातून वगळता येत नाही.

समाजाचे पहिले प्रार्थनालय मुंबईत उभे राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युअल इझेकिएल, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात ‘शार हारहमीम’ बांधले. प्रार्थनालये बांधण्याची ही चळवळ कोकणच्या गावांत पोहोचायला आणखी चार-पाच दशके गेली. रेवदंड्याचे ‘बेथ एल’ १८४२ चे. कोकणातल्या सर्वांत जुन्या प्रार्थनालयांत त्याची गणना होते. त्यानंतर १८४८ मध्ये अलिबागला ‘मागेन अबोथ’, १८४९ मध्ये पनवेलला ‘बेथ एल’ आणि १८६३ मध्ये पेणला ‘बेथ हाएलोहिम’ झाले. घरातल्या ओसरीवर चालणाऱ्या प्रार्थनेला आता स्वतंत्र वास्तू मिळाली. तेथेच सभा भरत, हिशेब वाचले जात, मदतीचे निर्णय होत.

एकोणिसाव्या शतकात शिक्षणाने या समाजाची वाट बदलली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी किनाऱ्यावर मराठी शाळा काढल्या, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत आणले. बेने इस्राएलांनी विद्या घेतली, धर्म मात्र सोडला नाही. मुले फौजेत, आगबोटींवर, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत लागली. मुंबईत स्थिरावलेले लोक गावच्या प्रार्थनालयाशी नाते राखून राहिले.

घाण्याच्या काळात लागलेली सामाईक कामाची सवय शहरात नव्या रूपात दिसली. किहीमच्या नावाचे आडनाव लावणारे हाईम सॅम्युअल किहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाली. समाजाचा इतिहासही त्यांनी लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये छापला गेला. त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, राजपूरकर घराण्याचे डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. झिराडच्या नावाचे आडनाव असलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा हॉस्पिटलचा कारभार दीर्घकाळ सांभाळला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या समाजासाठी सुरू झालेले काम अशा रीतीने साऱ्या शहराच्या कामी आले.

गावचा घाणा मात्र मागे पडत गेला. दिव्याला रॉकेल आले, तेल गिरणीत निघू लागले, आणि शिकलेली मुले बैलामागे फिरायला परतली नाहीत. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर स्थलांतर वाढले. तेथे गेलेल्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये समान हक्क मान्य करून घेतले. नव्या भूमीतला हा लढाही त्यांनी एकजुटीनेच लढला.

आज रेवदंडा परिसरात ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणेही त्यांना जड जाते. तरीही किनाऱ्यावरची प्रार्थनालये आणि दफनभूमी जपण्याचे काम चालू आहे. स्थानिक कुटुंबे, मुंबई-ठाण्यातले नातलग आणि इस्राएलहून येणारी मंडळी त्याला हातभार लावतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. शनिवार तेल्यांचा इतिहास दाखवतो की सार्वजनिक काम उभे राहायला मोठी दौलत लागतेच असे नाही. एका बैलाच्या घाण्यावर जगणाऱ्या माणसांनी सचोटीचे माप, पाळलेला नेम आणि वेळेवर दिलेली वर्गणी यांच्या बळावर शाळा, प्रार्थनालये आणि नागरिकत्वाची परंपरा घडवली.