नेचा सुकला म्हणून कुंडी फेकू नका. मावळात नेचे कसे लावायचे, कसे जपायचे?

बेडसे (ता. मावळ) : मृग लागला, दोन-चार चांगले पाऊस झाले की बेडसे लेण्यांच्या वाटेवरचा काळा कातळ हिरवा होतो. दगडांच्या फटीतून, जुन्या गडगीतून, विहिरीच्या कडेतून नेचे वर येतात. दिसायला इतके नाजूक की अनेकांना ते घरी न्यावेसे वाटतात. उपटून कुंडीत लावले की श्रावणभर छान दिसतात, दिवाळीनंतर वाळतात आणि डिसेंबरात कुंडी उकिरड्यावर जाते. "आपल्याकडे नेचा टिकत नाही," असं म्हणून विषय संपतो.

खरं तर फेकलेल्या त्या कुंडीतला नेचा बऱ्याचदा जिवंत असतो. आपल्या भागातले अनेक नेचे पावसाळ्यापुरते पानं काढतात आणि बाकीचे महिने जमिनीखालच्या खोडात निजून राहतात. त्यामुळे लावण्याआधी आपला नेचा कोणता, हे ओळखायला हवं.

कोणता नेचा, कसा ओळखायचा?

हंसराज : काळा, चकचकीत, तारेसारखा देठ आणि अर्धगोल लहान पानं. पानावर पाणी थांबत नाही, घरंगळून जातं. दगडी भिंतींवर हाच जास्त दिसतो. पाऊस संपला की सुकतो, जूनमध्ये परत फुटतो.

चांदीचा नेचा : पानाच्या मागे पांढरी पूड असते. पोरं पान हातावर दाबून ठसा उमटवतात, तोच हा. याला फटीतली थोडीशी माती पुरते. भारी, चिकट मातीत तो कुजतो.

बाशिंग : आंब्याच्या किंवा इतर मोठ्या झाडाच्या खोडावर वाढतो. याला दोन प्रकारची पानं येतात. हिरवी लांब पानं उन्हाळ्याकडे गळतात, पण बुडाशी चिकटलेली तपकिरी पानं तशीच राहतात. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साचतो आणि तेच त्याचं खत. वाळकी दिसतात म्हणून ही पानं काढू नका. बाशिंग मातीत पुरायचा नसतो, तो लाकडाला किंवा झाडाला सुतळीने बांधायचा.

बोस्टन नेचा : रोपवाटिकेत लांब, खाली झुकलेल्या पानांचा मिळतो तो. ओल आणि सावली मिळाली तर बाराही महिने हिरवा राहतो. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी हाच घ्यावा.

लेण्यांवरचा, रानातला नेचा उपटू नका

बेडसे लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. राखीव वनातून परवानगीशिवाय रोपं किंवा शेवाळ काढणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात फायदा नाही. फटीतला नेचा ओढला की मुळं दगडात राहतात आणि हातात नुसती पानं येतात. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याचे धुळीसारखे बीजाणू ओल्या जागी पडतात, त्यातून नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्या पापुद्र्यावर पाण्याचा थर असेल तरच पुढचं रोप धरतं. एक ठिकाण उघडं केलं की ते परत भरायला काही पावसाळे जावे लागतात. त्यापेक्षा शेजाऱ्याची भरलेली कुंडी फोडून वाटून घ्यावी, नाहीतर रोपवाटिकेतून रोप आणावं.

लावायचं कधी आणि कसं?

जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवेत ओल असते, त्यामुळे तुटलेली मुळं लवकर सावरतात.

१. आदल्या संध्याकाळी जुन्या कुंडीला भरपूर पाणी द्या.

२. गड्डा अलगद बाहेर काढा. स्वच्छ सुरीने त्याचे भाग करा. प्रत्येक भागाला मुळं आणि तीन-चार पानं असली पाहिजेत.

३. कुंडी गड्ड्यापेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात. तळाच्या भोकावर विटेचे तुकडे ठेवा.

४. एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा जाडसर वाळू मिसळा. शेतातली काळी माती नको.

५. रोप आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. कोंब जिथून फुटतात ती मान मातीखाली गेली की रोप कुजतं. सर्वांत जास्त रोपं याच चुकीने मरतात.

६. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. महिनाभर खत देऊ नका. जुनी पानं पिवळी पडली तरी घाबरू नका, गुंडाळलेला नवा कोंब दिसतो का ते बघा.

हंसराज वाढवायचा असेल तर गड्डा फोडायचीही गरज नाही. त्याच्या पानाचं टोक लांब वाढून जमिनीला टेकतं आणि तिथे मूळ धरतं. ते टोक शेजारच्या कुंडीत मातीवर टेकवून वर छोटा दगड ठेवा. मूळ धरल्यावर जुन्या रोपापासून तोडा.

जागा आणि पाणी

घराची पूर्व किंवा उत्तर बाजू, आंब्या-फणसाखालची सावली उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नका; धारेने माती उडून मुळं उघडी पडतात.

लोणावळ्यात पाऊस कोसळतो, पण पूर्वेला वडगाव-तळेगावकडे येईतो तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे शेजारच्या गावाचं बघून पाणी देऊ नका. बोट मातीत घाला, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्या. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली रिकामी ठेवा. मुळं कुजत नाहीत आणि डासही होत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपू शकतात. जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. न्हाणीचं साबणाचं पाणी नको, युरियाही नको.

एप्रिल-मेमध्ये कुंड्या जवळजवळ ठेवा आणि भोवती ओलं बारदान टाका.

मागचे तपकिरी ठिपके म्हणजे रोग नव्हे

पानाच्या मागे सारख्या अंतरावर, ओळीने किंवा कडेकडेने तपकिरी ठिपके दिसले की काहीजण औषध मारतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, त्यांना हात लावू नका. ठिपके वेडेवाकडे असतील, देठावरही असतील, नखाने सुटत असतील आणि पान चिकट लागत असेल तर ती खवले कीड. ओल्या फडक्याने पुसून काढा. गोगलगाई कोवळे कोंब खातात. रात्री बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीत मीठ टाकू नका.

सुकल्यावर काय करायचं?

हंसराज वाळला की वाळकी पानं कापा, कुंडी सावलीत ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी शिंपडा. मातीचा दगड होऊ नये, एवढंच. घरात कोणी चुकून कुंडी रिकामी करू नये म्हणून खडूने तिच्यावर लिहून ठेवा: "जूनपर्यंत थांबा." पहिल्या पावसात कुंडी बाहेर काढा. लेण्यांच्या वाटेवरचा कातळ हिरवा होईल, त्याच दिवसांत तुमच्या अंगणातही कोंब दिसेल.