‘मजबूत’ या शब्दाचा अर्थ आणि १९ क्रमांकाचे बिनतारी यंत्र

जुनी लष्करी बिनतारी यंत्रे फार मजबूत असत, असे विधान वारंवार केले जाते. एखाद्या हौशी संदेशकाच्या संग्रही असलेले ऐंशी वर्षांपूर्वीचे यंत्र आजही बोलू लागते, तेव्हा ते विधान निर्विवाद वाटते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. जी यंत्रे फुटली, जळाली वा भंगारात गेली, ती साक्ष द्यावयास उरलेली नाहीत. उरलेल्यांवरून सर्वांचा गुण ठरविणे हे सदोष अनुमान होय. मजबुतीचा पुरावा केवळ यंत्राच्या टिकून राहण्यात न शोधता त्याच्या रचनेत शोधावयास हवा.

त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील ‘वायरलेस सेट नंबर १९’ या ब्रिटिश यंत्राचे उदाहरण घेऊ. केंब्रिजच्या पाय कंपनीने १९४० मध्ये रणगाड्यांसाठी त्याची आखणी केली व १९४१ मध्ये ते वापरात आले. एकाच पेटीत तीन सोयी होत्या : दूरच्या संदेशांसाठी ‘ए’ सेट (दुसऱ्या आवृत्तीपासून २ ते ८ मेगाहर्ट्झ), जवळच्या रणगाड्यांसाठी ‘बी’ सेट (२३० ते २४० मेगाहर्ट्झ), आणि रणगाड्यातील माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून तिसरे ध्वनिवर्धक मंडल.

रणगाड्याचे हादरे, धूळ व उष्णता यांच्याशी या यंत्राची गाठ होती; आणि त्याच्या पोटात होते काचेचे व्हॉल्व्ह. काच फुटणारच, हे आखणाऱ्यांनी गृहीत धरले. म्हणून पेटी हादरे शोषणाऱ्या आधारांवर बसविली. एकाच जातीचा व्हॉल्व्ह अनेक ठिकाणी योजिला. तो उपसून दुसरा बसविता येईल अशी खोबण केली. आणि राखीव व्हॉल्व्हांची पेटी सोबत दिली. न मोडणे हे येथील उद्दिष्ट नव्हते; मोडलेले तेथल्या तेथे सावरता यावे, हे होते.

यंत्र चालविणारा माणूसही थकतो, गोंधळतो, हेही गृहीत होते. दोन कंप्रता आधीच ठरवून जागच्या जागी आवळून ठेवता येत. त्यांची खूण लाल व निळ्या रंगाने केलेली असे. ऐन धांदलीत आकडे न वाचता चकती फिरविली की ती ठरल्या जागी अडके.

भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावी अशी गोष्ट यापुढची आहे. उत्तर अमेरिकेत बनलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या अनेक यंत्रांच्या दर्शनी पट्टीवर प्रत्येक कळीचे नाव इंग्रजीबरोबर रशियनमध्ये, सिरिलिक लिपीत, कोरलेले आढळते. कॅनडात बांधलेले बहुतेक सर्व व्हॅलेंटाइन रणगाडे सोव्हिएत संघाकडे गेले; अशा साहाय्याबरोबर ही यंत्रेही गेली. ज्याची कळ कोणती हे चालकाला कळत नाही, ते यंत्र पोलादी असूनही निकामीच. ही अक्षरे शोभेसाठी नव्हेत. आधार व खोबणी यांच्याप्रमाणे तीही मजबुतीचाच भाग होती.

युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेली ही यंत्रे हौशी संदेशकांच्या हाती आली. ती आजवर बोलती राहिली, त्याचे श्रेय धातूइतकेच या हातांनाही आहे. झाकण काढताच मंडलातील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांना सापडतो. म्हणून बिघाड शोधता येतो आणि एका यंत्राचा अवयव दुसऱ्यास लाविता येतो. मात्र हे जाणणारे हात उरले नाहीत, तर तेच यंत्र केवळ एक जड पेटी होईल.

‘मजबूत’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून आपल्याकडे ‘जप्त’ हा शब्द आला. त्या धातूचा अर्थ घट्ट धरणे, ताब्यात ठेवणे असा आहे. म्हणजे मजबूत म्हणजे मुळात अभंग नव्हे; मजबूत म्हणजे नीट धरून ठेवलेले. मराठीत आज हा अर्थ लोपला असला, तरी १९ क्रमांकाच्या यंत्रास तोच अधिक शोभतो. आधी आखणाऱ्याने, मग चालविणाऱ्याने आणि शेवटी जपणाऱ्याने ते धरून ठेवले, म्हणून ते टिकले. एखादे जुने यंत्र संग्रहालयात काचेआड ठेवताना त्याची पेटी जपली जाते, पण ते उघडण्याची विद्या जपली जात नाही. तसे झाले, तर जपलेल्या वस्तूस जुनी म्हणता येईल. मजबूत म्हणता येणार नाही.